कॅथीड्रलचे दार



वाचनालयाच्या शतसांवत्सरिक सोहळ्यात ग्रंथांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. तो मोडण्याचा हेतू नाही. परंतु काही वास्तूही ग्रंथांसारख्याच असतात. त्यांचा कर्ता असतो, काळ असतो, त्यांत पुढच्या पिढ्यांनी भर घातलेली असते आणि काही पाने कोणी मुद्दाम गाळलेलीही असतात. अशाच दोन वास्तू आजच्या विवेचनासाठी निवडल्या आहेत. एक मुंबईचे सेंट थॉमस कॅथीड्रल आणि दुसरे नागपूरच्या सदर भागातील ऑल सेंट्स कॅथीड्रल. दोन्ही अँग्लिकन परंपरेत, म्हणजे इंग्लंडच्या राजसत्तेशी निगडित असलेल्या ख्रिस्ती परंपरेत उभी राहिली. दोन्ही परक्यांनी परक्यांसाठी बांधली. बांधणारे निघून गेले. वास्तू मात्र आजही नांदत्या आहेत.

वारासिवनीतील मराठी वाचकाने या वास्तूंची दखल का घ्यावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे एक उत्तर भूगोलाचे आहे. बालाघाट जिल्हा १८६७ साली निर्माण झाला तो मध्य प्रांतात. त्याची राजधानी नागपूर. कचेरी नागपूर, महाविद्यालय नागपूर, बाजार नागपूर. नागपूरच्या बिशपचा धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा वैनगंगेचे हे खोरेही त्यात होते. दुसरे उत्तर अधिक जवळचे आहे. परंतु ते विवेचनाच्या ओघात आपोआप समोर येईल.

प्रथम शब्दाचा उलगडा. मोठे चर्च म्हणजे कॅथीड्रल, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः या शब्दाचा संबंध आकाराशी नाही, तो आसनाशी आहे. ग्रीक भाषेत ‘कथेड्रा’ म्हणजे आसन. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते ते कॅथीड्रल. मग ते चर्च लहान का असेना. आपल्याकडे ‘पीठ’ हा शब्द मुळात आसनाचा आणि पुढे आचार्यांच्या अधिकारस्थानाचा वाचक झाला, त्यासारखाच हा प्रवास आहे. म्हणूनच एखादे साधे चर्च कालांतराने कॅथीड्रल होऊ शकते. मुंबईचे सेंट थॉमस १७१८ पासून चर्च होते. मुंबईला स्वतंत्र बिशप मिळाला तेव्हा, १८३७ साली, ते कॅथीड्रल झाले आणि टॉमस कार हे तेथील पहिले बिशप. नागपूरचे चर्च १८५१ चे. बिशपचे आसन तेथे आले ते विसाव्या शतकाच्या आरंभी.

आता मुंबईकडे वळू. मुंबईत ‘चर्चगेट’ हा शब्द दररोज लक्षावधी लोकांच्या तोंडी असतो. गाडी चर्चगेटची, भाडे चर्चगेटपर्यंतचे, भेटायचे चर्चगेटला. परंतु हे गेट कोठे होते आणि चर्च कोणते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. जुन्या मुंबईच्या किल्ल्याला तीन प्रमुख दरवाजे होते. अपोलो गेट, बाजार गेट आणि चर्च गेट. सेंट थॉमसकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी जो दरवाजा होता त्याला त्या चर्चचे नाव पडले. १८६० नंतरच्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडला गेला, दरवाजा गेला, आणि त्या जागी फ्लोरा फाउंटन उभे राहिले. त्याच चौकाला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हुतात्मा झालेल्यांच्या स्मरणार्थ आज हुतात्मा चौक म्हणतात. मराठी भाषकांच्या राज्यासाठी रक्त सांडले ते स्थान आणि एका इंग्रजी चर्चच्या नावाचा दरवाजा यांची जागा एकच असावी, हा इतिहासाचा विलक्षण योग म्हटला पाहिजे.

या चौकातून वीर नरिमन मार्गाने पूर्वेकडे थोडे चालले की हॉर्निमन सर्कलपाशी सेंट थॉमसचा मनोरा दिसतो. एकेकाळी शहराचे मैल या चर्चपासून मोजले जात. मुंबईच्या रस्त्यांवरील जुने मैलाचे दगड याच वास्तूपासूनचे अंतर सांगत. दर्शनी आवारात एक कारंजे आहे. त्याची रचना जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या विख्यात इंग्रज वास्तुशिल्पीची, आणि द्रव्यसाहाय्य कावसजी जहांगीर रेडिमनी या पारशी धनिकाचे. पाहुण्याने हे कारंजे ओलांडून आत जावे. चर्चमध्ये पादत्राणे काढावी लागत नाहीत. डोक्यावर टोपी असल्यास ती मात्र काढावी, आवाज खाली ठेवावा आणि उपासना चालू असल्यास मागच्या बाकावर शांतपणे बसावे, एवढे शिष्टाचार पुरेत.

या चर्चची कथा दिरंगाईची आहे. मुंबईत इंग्रजी चर्च असावे हा विचार गव्हर्नर जेराल्ड ऑंजिअर यांचा. त्यांच्या काळात, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, कामाला आरंभ झाला. भिंती काही फूट वर आल्या आणि तशाच राहिल्या. सुमारे चाळीस वर्षे त्या अर्धवट भिंती उन्हापावसात उभ्या होत्या. पुढे रिचर्ड कॉब नावाचे धर्मोपदेशक मुंबईत आले. त्यांनी वर्गणी गोळा केली, १७१५ साली काम नव्याने हाती घेतले, आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी चर्च उपासनेसाठी खुले झाले. गव्हर्नर होते चार्ल्स बून.

त्या उद्घाटनाच्या प्रसंगाचे वर्णन कॉब यांनी लिहून ठेवले आहे. त्यात एक तपशील असा आहे की ज्यापाशी मराठी वाचकाने थांबलेच पाहिजे. आत गव्हर्नर, मंडळाचे सभासद, कंपनीचे नोकर. आणि सभोवती उभा असलेला देशी लोकांचा जमाव. त्या जमावात आपल्या ज्ञातिबांधवांसह एक गृहस्थ होते. उपासनेतील शिस्त आणि गांभीर्य त्यांना इतके भावले की ती संपूर्ण होईपर्यंत ते उभेच राहिले. त्यांचे नाव रामजी, म्हणजेच रामा कामती.

रामा कामती हे त्या काळच्या मुंबईतील सामान्य गृहस्थ नव्हते. शेणवी समाजातील हे धनाढ्य व्यापारी, कंपनीच्या विश्वासातील, भंडारी पलटणीशी निगडित. वाळकेश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार त्यांनीच केला, आणि तो १७१५ साली. म्हणजे कॉब यांनी चर्चचे काम हाती घेतले त्याच वर्षी. एकाच वर्षी एका बेटावर दोन उपासनास्थाने आकार घेत होती. एक पोर्तुगीज अमलात उद्ध्वस्त झालेले आणि पुन्हा उभे राहणारे, दुसरे चाळीस वर्षे रखडलेले आणि पूर्णत्वास जाणारे. आणि यांपैकी पहिल्याचा कर्ता दुसऱ्याच्या उद्घाटनाला आदराने उभा होता.

पुढची हकिकत दुःखद आहे. बून यांचे कान्होजी आंग्र्यांशी वैर होते. घेरिया म्हणजे विजयदुर्गावरील स्वारी फसली. १७१८ मध्ये खांदेरीवरची मोहीमही फसली. अपयशाला कारण लागते आणि कारणाला माणूस लागतो. १७२० साली रामा कामती यांच्यावर आरोप आला की आंग्र्यांशी त्यांचा गुप्त पत्रव्यवहार आहे. खटला चालला, दोष शाबीत झाला, मालमत्ता जप्त झाली, बंदिवास घडला. १७२८ साली बंदिवासातच त्यांचा अंत झाला. ज्या पत्रांवर सारा खटला उभा होता ती बनावट असल्याचे नंतर उघड झाले; परंतु तोपर्यंत न्याय घेणारा उरला नव्हता. ज्या गव्हर्नरच्या समक्ष ते नाताळच्या दिवशी चर्चपाशी उभे होते, त्याच गव्हर्नरच्या राजवटीत त्यांना अपराधी म्हणून उभे राहावे लागले. दोन घटनांमध्ये अंतर अवघे दोन वर्षांचे.

ही हकिकत मनात ठेवून सेंट थॉमसच्या भिंती वाचाव्यात. भिंती वाचाव्यात असे म्हणण्याचे कारण, त्या अक्षरशः लेखांनी भरलेल्या आहेत. संगमरवरी स्मारके, उठावाची शिल्पे, धातूचे पट. १८०८ साली फ्रेंच युद्धनौकेशी झालेल्या झुंजीत मरण पावलेला कॅप्टन हार्डिंग तेथे आहे. तरुणपणी हिंदुस्थानात येऊन तापाने, युद्धाने वा समुद्राने हिरावलेले कितीतरी जीव तेथे आहेत. त्यांच्या आईबापांना आणि पत्नींना सहा हजार मैलांवर या दगडाखेरीज दुसरा आधार नव्हता, हे विसरून भागणार नाही. शोक हा राज्यकर्त्याचाही खराच असतो.

या स्मारकांत जोनाथन डंकन यांचे स्मारक विशेष पाहण्याजोगे. १७९५ पासून १८११ मधील मृत्यूपर्यंत ते मुंबईचे गव्हर्नर होते. शिल्पकार धाकटे जॉन बेकन. डंकन यांचे स्मारक करणाऱ्यांनी त्यांच्या लढाया कोरल्या नाहीत. काशीकडे आणि काठेवाडात चालणारी बालहत्येची रूढी बंद व्हावी म्हणून त्यांनी केलेले प्रयत्न कोरले. नुकत्याच जन्मलेल्या मुलींना मारून टाकण्याची ती रूढी. काशीला असताना याच डंकन यांनी १७९१ साली संस्कृत पाठशाळा स्थापन केली होती. राज्यकर्त्याच्या स्मारकावर तलवारीऐवजी वाचलेली लेकरे असावीत, ही गोष्ट लहान नाही. त्या शिल्पाला मान द्यावा, आणि त्याच वेळी हेही ध्यानात घ्यावे की ज्यांनी आपल्या मुली वाचवल्या त्या काठेवाडी आयांपैकी एकीचेही नाव कोठे कोरलेले नाही.

तर भिंती कोणाला आठवतात आणि कोणाला विसरतात, हा अशा वास्तूच्या भेटीतला पहिला धडा. आत कोणाची नावे आहेत हे डोळ्यांना दिसते. दारापाशी कोण उभा होता हे मात्र वाचून शोधावे लागते. रामा कामती यांची स्मृती कोणत्याही संगमरवराने राखली नाही. ती कागदाने राखली. कॉब यांनी चार ओळी लिहिल्या, खटल्याचे कागद दप्तरात राहिले, म्हणून ते आज आपल्याला भेटतात. दगडापेक्षा कागद अधिक न्यायी ठरला. ग्रंथालयाच्या सभासदांना याहून अधिक आनंदाची गोष्ट कोणती?

आता नागपूर. मुंबईचे कॅथीड्रल व्यापारी कंपनीच्या किल्ल्यात उभे राहिले; नागपूरचे उभे राहिले ते देशी राजाच्या राज्यात. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर भोसल्यांचे राज्य इंग्रजांच्या छायेत गेले होते. परंतु १८५१ साली गादीवर तिसरे रघूजी होते. ते १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. म्हणजे राज्य जाण्याच्या तीन वर्षे आधी चर्च आले. हे लहानसे चर्च बांधणारे रिचर्ड सँकी हे मद्रास इंजिनिअर्सचे तरुण लष्करी अधिकारी. नागपूरच्या परिसरातील जीवाश्म गोळा करण्याचा त्यांना छंद होता. नागपूरला शिक्षणाचा पाया घालणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी भूगर्भावर जे संशोधन केले त्यात सँकींच्या संग्रहाचा उपयोग झाला. पुढे बंगळूरच्या एका तलावाला त्यांचे नाव लाभले.

१९०३ साली नागपूरला पहिले बिशप आले, आयर चॅटर्टन. कॅथीड्रलच्या योग्यतेचा विस्तार व्हावा म्हणून आराखडा करणारे जॉर्ज फ्रेडरिक बोडली हे इंग्लंडमधील गॉथिक शैलीचे अग्रगण्य वास्तुशिल्पी. अमेरिकेतील वॉशिंग्टनच्या प्रसिद्ध कॅथीड्रलचा मूळ आराखडा करणाऱ्यांतही त्यांचे नाव येते. वॉशिंग्टन आणि नागपूर एका हाताने जोडली गेली आहेत, हे नागपूरकरांनाही सहसा ठाऊक नसते.

चॅटर्टन यांच्याविषयी मात्र बालाघाटच्या वाचकाने अधिक जाणून घ्यावे. ते डब्लिनचे पदवीधर. आधी छोटा नागपूरच्या हजारीबाग येथे मिशनच्या कामात होते. १९०३ ते १९२६ इतकी वर्षे ते नागपूरचे बिशप होते. या काळात त्यांनी १९१६ साली गोंडवनाच्या इतिहासावर एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. गढामंडला, देवगड, चांदा, खेरला येथील गोंड राजघराण्यांची कथा त्यात आहे. लांजीचा किल्ला ज्यांच्या जिल्ह्यात आहे त्यांना या विषयाचे महत्त्व सांगायला नको. ज्या काळी आमच्या बखरींत आणि पाठ्यपुस्तकांत गोंड राजांना जेमतेम एखादी ओळ मिळे, त्या काळी एका परदेशी धर्मगुरूला त्यांच्यावर संपूर्ण पुस्तक लिहावेसे वाटले. त्यांच्या मतांशी सहमत व्हावे असे नाही. राज्यकर्त्यांचा दृष्टिकोन त्यात आहेच. परंतु आसनावर बसलेल्या माणसाने खिडकीबाहेर पाहिले, एवढे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

त्याच आसनाने पुढे एकाला दाराबाहेरही ठेवले. ती कथा व्हेरिअर एल्विन यांची. एल्विन यांचे वडील बिशप. स्वतः एल्विन ऑक्सफर्डचे विद्वान आणि अँग्लिकन धर्मगुरू. १९२७ मध्ये ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. जॅक विन्स्लो यांनी स्थापन केलेला हा आश्रम भारतीय राहणी आणि ख्रिस्तभक्ती यांचा मेळ घालू पाहत होता. तेथे एल्विन यांना महात्मा गांधींची ओढ लागली आणि शामराव हिवाळे हा मराठी ख्रिस्ती सहकारी लाभला. १९३२ साली हे दोघे मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गोंडांमध्ये राहायला गेले. तो प्रदेश नागपूरच्या बिशपच्या कक्षेतला. त्या वेळचे बिशप अलेक्स वुड. वुड हे स्वतः चांद्याला बराच काळ मिशनकार्य केलेले गृहस्थ होते. परंतु धर्मगुरू म्हणून परवाना हवा तर राजनिष्ठेची शपथ घ्यावी, असा त्यांचा आग्रह पडला. काँग्रेसच्या बाजूने उघडपणे उभे राहिलेल्या एल्विन यांनी ती घेण्यास नकार दिला. परवाना मिळाला नाही. १९३५ साली त्यांनी धर्मगुरुपदाचा आणि चर्चचाही त्याग केला.

यात दोष कोणाचा, हा प्रश्न एका वाक्यात सुटणारा नाही. वुड यांना नियमाचे बंधन होते. चर्च आणि राज्य एकमेकांत गुंतलेले होते, आणि नेमकी हीच गुंतवण एल्विन यांना असह्य होती. परिणाम मात्र स्पष्ट आहे. चर्चने एक धर्मगुरू गमावला आणि या डोंगराळ मुलखाला एक अभ्यासक मिळाला. १९३९ साली बैगा जमातीवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मंडल्याबरोबरच बैहरच्या पठारावरचे बैगाही ज्या ग्रंथामुळे जगाला ज्ञात झाले, तो ग्रंथ कॅथीड्रलचे दार बंद झालेल्या माणसाने लिहिला. शामराव हिवाळे यांनीही नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर १९४६ साली ग्रंथ लिहिला. तो इंग्रजीत आहे. मराठी वाचकाला आपल्याच माणसाच्या या कार्याची ओळख अजून म्हणावी तशी झालेली नाही.

आणि आता या वास्तूच्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस. २९ नोव्हेंबर १९७०. इंग्रज जाऊन तेवीस वर्षे झाली होती. उत्तर भारतातील वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांनी एकत्र यावे, यासाठी १९२९ पासून बोलणी चालू होती. एक्केचाळीस वर्षे! कोणी बिशप मानणारे, कोणी न मानणारे. कोणी अर्भकाला बाप्तिस्मा देणारे, कोणी जाणत्या वयातच देणारे. प्रत्येकाचा परदेशी मूळ पंथ वेगळा, प्रत्येकाचे भांडण युरोपातले. ज्या भांडणांशी सांगली-सोलापूरच्या वा छत्तीसगडच्या ख्रिस्ती शेतकऱ्याचा काडीचा संबंध नव्हता, ती त्याच्या गावात तीन वेगवेगळी चर्चे बनून उभी होती. अखेर सहा परंपरा एकत्र आल्या. अँग्लिकन, प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल यांचे आधीच एकत्र आलेले मंडळ, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन शाखेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स. अमेरिकन शाखेचे मेथडिस्ट शेवटच्या वर्षी उंबरठ्यावरून मागे फिरले. परंतु सहा परंपरांच्या प्रतिनिधींनी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ म्हणजे उत्तर भारत चर्चची स्थापना केली. मुंबईचे सेंट थॉमसही त्याच चर्चमध्ये समाविष्ट झाले.

या घटनेचा मराठी अर्थ फार खोल आहे. प्रेसबिटेरियन परंपरा म्हणजे हिस्लॉप यांची. १८६३ साली टाकळघाटजवळ पुरात बुडून मरण पावलेल्या त्या विद्याव्यासंगी पुरुषाची. काँग्रिगेशनल परंपरा म्हणजे अमेरिकन मराठी मिशनची, अर्थात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. टिळक नागपूरला होते आणि तेथून राजनांदगावला निघाले असता आगगाडीत एका परदेशी सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, ही हकिकत सर्वश्रुत आहे. नागपूर-राजनांदगाव ही वाट गोंदियावरून जाते. वारासिवनीच्या प्रवाशाच्या नित्याच्या परिचयाची ती वाट. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी अभंगाच्या घाटात ख्रिस्तभक्ती ओतली. त्यांची पदे ‘उपासना संगीता’तून मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात. ख्रिस्त सेवा संघाचे विन्स्लो अँग्लिकन असूनही टिळकांचे इंग्रजी चरित्र त्यांनीच १९२३ मध्ये लिहिले. १९७० साली या साऱ्या वाटा नागपूरच्या एका छताखाली आल्या. इंग्रज रेसिडेन्सीच्या वस्तीसाठी बांधलेल्या वास्तूवर ज्ञानेश्वर-तुकोबांच्या छंदात गाणाऱ्या परंपरेचाही तितकाच अधिकार झाला.

हे का घडू शकले? बांधणारे जेव्हा निघून गेले तेव्हा या वास्तूंपुढे दोनच वाटा होत्या. जुन्या सभासदांच्या स्मृतीचे संग्रहालय होऊन राहणे, किंवा दार उघडून नव्या माणसांना आसन देणे. पहिल्या वाटेत प्रतिष्ठा होती, दुसरीत तडजोड. ऑल सेंट्सने दुसरी वाट स्वीकारली आणि तिच्यासाठी आपल्या स्वतंत्र नावाचाही त्याग केला. अँग्लिकन म्हणून उभे राहिलेले हे कॅथीड्रल आज केवळ अँग्लिकन उरलेले नाही, म्हणूनच ते जिवंत आहे. मुंबईच्या सेंट थॉमसने आपल्या भिंतींवरचे लेख पुसले नाहीत. उलट काळजीपूर्वक जीर्णोद्धार केला आणि त्या कामाला २००४ साली युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला. स्मृती जपायची आणि दारही उघडे ठेवायचे, या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे या दोन वास्तूंनी मिळून दाखवले.

आता आरंभी राखून ठेवलेले दुसरे उत्तर.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर, भंडारा, वर्धा, चांदा आणि वऱ्हाडचे चार असे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. बालाघाट, छिंदवाडा, बैतूल मध्य प्रदेशात राहिले. त्या दिवशी वारासिवनीतील एकही घर जागचे हलले नाही. परंतु राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. शाळेची भाषा, कचेरीची भाषा, नोकरीची भाषा हळूहळू पालटली. मराठी ग्रंथांची कपाटे जागच्या जागी राहिली. त्यांना हात लावणारे हात विरळ होत गेले. सीमेच्या या बाजूच्या प्रत्येक मराठी वाचनालयाची ही व्यथा आहे. आजी मराठी वाचते, मुलगा मराठी बोलतो, नात मराठी समजते. तीन पिढ्यांत वाचन, भाषण आणि श्रवण अशी ही उतरंड आहे. बांधणाऱ्यांची पिढी सरल्यावर वास्तूचे काय होते, हा प्रश्न म्हणूनच केवळ कॅथीड्रलचा नाही.

येथे कॅथीड्रलचा धडा कामी यावा. मराठी वाचनालयाचे मराठीपण म्हणजे त्याच्या भिंतीवरचे लेख. ते पुसता कामा नयेत. जुने ग्रंथ, जीर्ण नियतकालिके, देणगीदारांच्या पाट्या, हस्तलिखिते यांचे जतन झालेच पाहिजे. कागद दगडापेक्षा न्यायी असतो, पण वाळवीपुढे तो दगडापेक्षा फार दुबळा असतो. परंतु तेवढ्याने वाचनालय जगणार नाही. दारापाशी कोण उभा आहे, हे पाहावे लागेल. पोवारी बोलणारे शेतकऱ्याचे मूल, हिंदी माध्यमात शिकणारी विद्यार्थिनी, कोष्ट्याच्या मागावर बसणारा तरुण, बैहरहून शिक्षणासाठी आलेला गोंड मुलगा. हे सारे या गावच्या रस्त्यावरून, या दारावरून जात-येत असतात. पोवारी आणि मराठी यांचे नाते आजही ऐकू येण्याइतके जवळचे आहे. गोंडवनाचा इतिहास हिंदीत, इंग्रजीत आणि मराठीतही आहे. तो एका कपाटात का ठेवू नये? हिवाळे यांचा परधानांवरचा ग्रंथ मराठीत कोणी आणावयाचा, तर तो याच मुलखातल्या मराठी माणसाने.

तडजोडीचे भय वाटणे स्वाभाविक आहे. नव्यांना आत घेतले तर आपले उरेल काय, ही शंका १९७० च्या नागपुरात अनेकांच्या मनात असणार; म्हणूनच तर बोलणी एक्केचाळीस वर्षे चालली. काही जण उंबरठ्यावरून परतलेही. परंतु आत आलेल्यांनी टिळकांची पदे सोडली नाहीत. उलट त्यांच्यासाठी अधिक मोठे छत मिळाले. दार उघडल्याने ग्रंथ कमी होत नाहीत, वाचक वाढतात. आणि वाचक वाढला की त्यातल्या एखाद्याला मूळ भाषेची गोडी लागते, हा सर्व ग्रंथालयांचा अनुभव आहे.

मुंबईस वा नागपूरला जाण्याचा योग आला तर या दोन वास्तू सभासदांनी अवश्य पाहाव्यात. तेथील शिल्पे पाहावीत, काचा पाहाव्यात, छताचे लाकूडकाम पाहावे. भिंतीवरची नावे वाचावीत. आणि बाहेर पडताना क्षणभर दारापाशी थांबावे. १७१८ च्या नाताळात रामा कामती जेथे उभे राहिले, तेथून तीनशे वर्षांचा इतिहास अधिक स्पष्ट दिसतो. उपासना संपेपर्यंत आदराने उभा राहिलेला तो माणूस आत बोलावला गेला असता, आणि त्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवला असता, तर त्या वास्तूच्या आरंभावरील एक डाग टळला असता.

ज्या वाचनालयाने शंभर वर्षे दिवा तेवत ठेवला, त्याच्या दारापाशी कोणालाही असे ताटकळत उभे राहावे लागू नये, आणि दुसऱ्या शतकाच्या अखेरीस जी स्मरणिका निघेल तिच्यातील सभासदांच्या यादीत आज अपरिचित वाटणारी अनेक आडनावे असावीत, हीच या शुभप्रसंगी सदिच्छा.